शेपूट उचलून

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी शिकारीने संपत आल्या होत्या. १९७१ मध्ये संरक्षण मिळालं आणि आता त्या लाखाच्या घरात आहेत. क्लेटनच्या शाळेतून आलेला अर्णव हे सगळं एका दमात सांगून गेला. मग म्हणाला, "आजी, तुमच्या सांगलीच्या मगरी वाचतील का गं?"

मेथी निवडता निवडता आजी गोष्ट सांगू लागली.

कृष्णेतली एक मगर पावसाळ्यात उलट्या धारेने निघाली. उरमोडी नदीत वळली आणि चढत चढत कासच्या पठारावर पोचली. तिथे एका उथळ डबक्यात वायतुरा उभा होता. जांभळट गुलाबी, दोन फाट्यांच्या फुलोऱ्याचा.

मगर म्हणाली, "मी दहा फूट लांब. १९७२ चा कायदा माझ्या पाठीशी, १९७५ पासून सरकारने माझी अंडी उबवून पिल्लं वाढवली. तरी वाळू उपसून लोक माझी घरट्याची जागा नेतात. तुला कसलं रे दुःख? तुझे तर फोटो काढतात!"

"मगरबाई, तुम्हाला कायदा मिळाला त्यानंतर दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, मला शास्त्रातलं नाव मिळालं. पाणी आहे तोवर मी दिसतो. ते आटलं की पानं जातात आणि मी कंद होऊन चिखलात पडून राहतो. वर जांभा तापतो. मोकळं मैदान समजून लोक गाड्या घालतात. तुमचा काठ गेला तर तुम्ही रातोरात दुसरा डोह गाठाल. मला सह्याद्रीची ही थोडी पठारं सोडून जगात कुठेच घर नाही."

धोक्यातल्या प्रजातींच्या आजच्या जागतिक लाल यादीतही कृष्णेतली ही मगर 'असुरक्षित' आहे आणि वायतुरा तिच्या एक पायरी पुढे, 'संकटग्रस्त'.

मगर काही बोलली नाही. परत फिरताना मात्र तिने शेपूट उचलून धरली, डबक्यातलं काही चिरडू नये म्हणून.

"झाली गोष्ट?"

"झाली."

"डिसेंबरात साताऱ्याला जाऊ तेव्हा मला कासला ने."

"अरे, तेव्हा काय बघणार? फुलं पावसाळ्यात. डिसेंबरात डबकीसुद्धा नसतात."

"म्हणूनच. ती डबकी कुठे असतात ते तू दाखव. मला तिथे पाय ठेवायचा नाही."