शेजारधर्म आणि उरलेली गोळी

चारकोपच्या म्हाडा वसाहतीत घरे भिंतीला भिंत लागून आहेत. एका घरी ताप आला की शेजारच्या घरातून उरलेली गोळी येते. दवाखान्याच्या रांगेत बसावे तर दिवसाचा रोज बुडतो. म्हणून ही देवघेव. तिच्यामागील माया आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्ञानावाचून केलेली दया ही शेजारप्रीती ठरते काय?

पॅरासिटामॉल घरोघरी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते. दोन्ही वारंवार घेतल्यास मात्रा वाढून यकृताला इजा होऊ शकते. उरलेली प्रतिजैविके वाटणे तर अधिकच घातक. त्यांच्या अनाठायी वापराने जंतू चिवट होतात आणि त्याची झळ साऱ्या वस्तीला लागते. वेष्टनावरील उभी तांबडी रेघ सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये.

ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने संयमाविषयी सांगताना (परिच्छेद २२९०) अन्न, मद्य व तंबाखू यांच्या पंक्तीला औषधही बसविले आहे. औषधाचाही अतिरेक होतो, हे आपण क्वचितच ध्यानी घेतो.

दयाळू शोमरोनीने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जखमीला त्याने उतारशाळेत नेले, खर्च सोसला आणि परत येण्याचे वचन दिले. आपण मात्र गोळी देऊन मोकळे होतो. शेजाऱ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर तासभर बसणे, त्याचे मूल सांभाळणे, बुडालेल्या रोजाला हातभार लावणे हे गोळीहून महाग आहे. शेजारधर्माचे मोल तेवढेच आहे.