उतोर, फ्रुओर, फुंगोर

लॅटिनमध्ये पाच क्रियापदं अशी आहेत, ज्यांचं कर्म नेहमीच्या द्वितीयेत बसत नाही. ते ॲब्लेटिव्ह या विभक्तीत जातं. उतोर, फ्रुओर, फुंगोर, पोतिओर, वेस्कोर. वापरणं, आस्वाद घेणं, कर्तव्य पार पाडणं, ताबा मिळवणं आणि खाऊन पोट भरणं, असे त्यांचे अर्थ. सेमिनरीत पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मी अर्थ सांगायच्या आधी हे पाच शब्द एका दमात म्हणायला लावतो. क्रम बदलायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. थोड्याच दिवसांत शब्द जिभेवर बसतात आणि जेवणाच्या रांगेतही कुणीतरी ते पुटपुटताना ऐकू येतं.

नाशिककडून आलेल्या एका मुलाने मला विचारलं, "फादर, हे तोंडपाठ झालं म्हणजे मला आलं, असं म्हणायचं का?" त्यात उद्धटपणा नव्हता. तो खरंच अडला होता. शाळेत घोकंपट्टीला नावं ठेवलेली त्याने ऐकली होती, आणि इथे धर्मगुरू व्हायला आलेल्या मुलांना घोकायला लावत होते. मला तो प्रश्न नुसत्या व्याकरणाचा वाटत नाही. न समजता जे आपण धरून ठेवतो, त्याला ज्ञान म्हणायचं का? आणि न समजता म्हटलेल्या प्रार्थनेला प्रार्थना म्हणायचं का? माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे.

'फीड्रस' या संवादात प्लेटोने इजिप्तच्या थामुस राजाची गोष्ट सांगितली आहे. थ्यूथ नावाचा देव लेखनकला घेऊन राजाकडे येतो आणि हिच्यामुळे माणसांची स्मृती वाढेल असं सांगतो. राजाला ते पटत नाही. लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील, आतून आठवण्याची सवय सोडून देतील, असं त्याचं म्हणणं. मुलांच्या हातातल्या मोबाइलला हे तंतोतंत लागू पडतं. विभक्तीचा तक्ता कधीही उघडता येतो, म्हणून तो डोक्यात जातच नाही. उतोर-फ्रुओरला मात्र ते लागू पडत नाही, कारण ते बाहेर कुठे ठेवलेलं नसतं. आपल्याकडचा आक्षेप जास्त बोचरा आहे. वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला यास्काच्या निरुक्तात ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. हा घाव थेट पाठांतरावर बसतो. तो मला अर्धा मान्य आहे. खांब खांबच राहिला तर त्याची कीवच करावी लागेल. पण माणूस खांब नसतो. आज वाहिलेलं ओझं तो पुढे कधीतरी उतरवून उघडून बघू शकतो.

हे उघडणं वर्गात कसं घडतं ते सांगतो. मराठी मुलांकडे एक भांडवल आधीच असतं. स, ला, ते, ने, ए, शी, ऊन, हून, चा, ची, चे, त, ई, आ. शाळेत कधीतरी हे घोकलेलं असतं. 'शी' तृतीयेत का, हे त्या वयात कुणी विचारलं नव्हतं. पण ज्याने ते घोकलं, त्याला ॲब्लेटिव्ह समजावणं सोपं जातं. लॅटिन आणि संस्कृत ज्या आदिभाषेतून आल्या, तिच्यात तृतीया, पंचमी आणि सप्तमी वेगवेगळ्या होत्या. संस्कृतात त्या तशाच टिकल्या. लॅटिनमध्ये त्या तिघी एकाच घरात नांदायला आल्या आणि त्या घराला ॲब्लेटिव्ह हे नाव पडलं. 'तलवारीने', 'रोमहून', 'त्या वर्षी' या तिन्हींसाठी एकच विभक्ती.

मग मी फळ्यावर 'उतोर' लिहितो आणि विचारतो, याच्याबरोबर येणारं नाम या तिघींपैकी कुणाचं? थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मागून एखादा म्हणतो, "ने?" अगदी बरोबर. उतोर म्हणजे अमुक गोष्टीने मी आपलं काम भागवतो. फ्रुओर म्हणजे अमुक गोष्टीने मी सुखावतो. वेस्कोर म्हणजे अमुक अन्नाने माझं पोट भरतं. अपवाद म्हणून पाठ केलेले शब्द तेव्हा अपवाद वाटेनासे होतात. आपल्याच घरातली तृतीया त्यात दिसू लागते. मुलांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात. आणि हे आधी समजावून सांगितलं तर? तेही करून पाहिलं आहे. मुलं मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या आठवड्यात पाचांतले दोन शब्द विसरलेले असतात. शब्द तोंडात नसतील तर उलगडा कशाचा करायचा?

सगळीच सूत्रं सारखी नसतात, हेही सांगायला हवं. 'उनुस नाउता' हे मला अतिशय आवडतं. अर्थ 'एक खलाशी'. लॅटिनमध्ये नऊ विशेषणं अशी आहेत, ज्यांची एकवचनातली षष्ठी 'इउस'ने आणि चतुर्थी 'ई'ने संपते, तीही तिन्ही लिंगांत. उनुस, नुल्लुस, उल्लुस, सोलुस, नेउतेर, आलिउस, उतेर, तोतुस, आल्तेर. रोमन लिपीतली त्यांची आद्याक्षरं ओळीने वाचली की हा खलाशी तयार होतो. सूत्र स्वतःच लॅटिन आहे आणि त्यातला पहिला शब्द त्या नऊंपैकीच एक आहे. ते पाठ करताना मुलगा भाषेच्या आतच राहतो. याउलट इंग्रजी शाळांतून आलेलं 'वी फिअर अ लायर' हे वाक्य. सब्जंक्टिव्हच्या वर्तमानकाळात चार गणांना कोणते स्वर लागतात, ते या वाक्याच्या स्पेलिंगवरून ओळखायचं. इंग्रज मुलाला त्याचा उपयोग होत असेल. तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या मुलाला मात्र आधी इंग्रजी स्पेलिंग आठवायचं, मग त्यातले स्वर वेगळे काढायचे, मग लॅटिनच्या गणाकडे जायचं, असा वळसा पडतो. माझ्या वर्गात मी ते वापरत नाही. तिथे आम्ही चार गणांची चार क्रियापदं घेतो आणि तीच सरळ चालवतो.

व्याकरण पद्यात घालून पाठ करायची चाल युरोपात जुनी आहे. अलेक्झांडर द व्हिलादेई याने 1199च्या सुमारास 'दोक्त्रिनाले' रचलं, अडीच हजारांहून जास्त ओळींचं, हेक्झामीटर वृत्तात. तीनशे वर्षं मुलांनी ते घोकलं. मानुएल आल्वारेस या पोर्तुगीज जेझुइटाचं व्याकरण 1572 साली लिस्बनला छापलं गेलं आणि जेझुइटांच्या शाळांबरोबर जगभर पसरलं. 1594 साली जपानमधल्या आमाकुसा इथे त्याची आवृत्ती निघाली. त्या परंपरेत वाढलेला थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला. त्याने कोकणीचं व्याकरण लिहिलं ते लॅटिन व्याकरणाची चौकट समोर ठेवूनच; ते त्याच्या मृत्यूनंतर, 1640 साली, राचोलला छापलं गेलं. पण लोकांना बायबलची कथा सांगायची वेळ आली तेव्हा त्याने चौकट बाजूला ठेवली आणि ओवी घेतली. 1616 सालचं क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, कारण ओवी इथल्या माणसाच्या कानाला आणि जिभेला आधीपासून ओळखीची होती. त्याची ही निवड मला मोठी वाटते.

आता प्रार्थनेकडे येतो. माझं बालपण वसईत गेलं. 1963च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि त्यानंतर हळूहळू आमच्याकडे मिस्सा मराठीत होऊ लागली. त्याआधी आम्ही वेदीसेवक पोरं लॅटिनमध्ये उत्तरं द्यायचो. 'सुस्शिपियात' हे त्यातलं सगळ्यात अवघड. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण मिस्सेत रोज ऐकून क्रुसाच्या खुणेचे लॅटिन शब्द तिला पाठ होते, आणि दिवा लावताना ती ते शब्द सावकाश, एकही न गाळता म्हणायची.

त्या छोट्या खुणेत काय काय आहे, ते मी आज मुलांना फोड करून दाखवतो. सुरुवातीला 'नोमिने', म्हणजे ॲब्लेटिव्ह. मग ओळीने तीन षष्ठ्या: 'पात्रिस' तिसऱ्या पद्धतीने चालणाऱ्या नामाची, 'फिलिई' दुसऱ्या, 'स्पिरितुस' चौथ्या. पित्याचा, पुत्राचा, आत्म्याचा. तिघांचे प्रत्यय वेगळे, विभक्ती एक. लॅटिनची नामं पाच पद्धतींनी चालतात, त्यांतल्या तिघींची षष्ठी माझी आजी रोज संध्याकाळी बिनचूक म्हणत होती. यातलं अक्षरही तिला ठाऊक नव्हतं. मग ती प्रार्थना करत होती की नव्हती?

थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. प्रार्थनेत लक्ष तीन प्रकारे लागू शकतं, असं तो 'सुम्मा'मध्ये म्हणतो: शब्द चुकू नयेत याकडे, शब्दांच्या अर्थाकडे, आणि ज्याची प्रार्थना करायची त्या देवाकडे. तिसरं सगळ्यात आवश्यक, आणि ते न शिकलेल्या माणसालाही जमतं. मला हे पूर्ण पटतं. आजीचं लक्ष कुठे होतं ते तिच्याकडे बघून कळायचं. याच अक्वायनसने स्मृतीला विवेकाचा भाग मानलं आणि लक्षात ठेवण्यासाठी चार गोष्टी सांगितल्या: थोडी वेगळी, मनात भरणारी प्रतिमा शोधावी, गोष्टी क्रमाने लावाव्यात, जे लक्षात ठेवायचं त्याविषयी आस्था असावी, आणि त्याचं वारंवार चिंतन करावं. एवढा मोठा ईश्वरविद्यापंडित आस्थेला स्मृतीच्या साधनांत बसवतो, याचं मला फार मोल वाटतं. ऑगस्टीननेही 'कन्फेशन्स'मध्ये लिहिलंय की लॅटिन तो दायांच्या लाडात, हसतखेळत शिकला आणि ग्रीक मात्र शिक्षेच्या धाकाने कडू झालं. छडी हे जगभर वापरलं गेलेलं स्मृतीचं साधन आहे, आणि ते सगळ्यात वाईट आहे. तिने शब्द राहतात. शब्दांची ओढ मरते.

रामरक्षेत एक श्लोक आहे, ज्यात 'राम' या शब्दाची आठही विभक्तींतली एकवचनी रूपं क्रमाने येतात. शाळेत संस्कृतच्या बाईंनी तो आम्हाला शिकवला, मी ख्रिस्ती घरातला असूनही. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना 'राम' चालवता येतो तो या श्लोकामुळे. ज्याने तो रचला त्याने मुलांना व्याकरण शिकवलं की रामाची स्तुती केली? दोन्ही एकाच वेळी, आणि एकामुळे दुसरं कुठेही उणं झालेलं नाही. लॅटिन व्याकरणाच्या पद्यांत मला अशी जागा अजून सापडलेली नाही, जिथे नियम स्वतःच नमस्कार होतो.

पण इथेच ती अट येते, जिच्याशिवाय यास्काचा खांब आपल्यालाही चुकत नाही. ती ऑगस्टीनने सांगितली आहे, आणि सांगताना नेमकी आमच्या पाचांतली पहिली दोन क्रियापदं वापरली आहेत. 'दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना'च्या पहिल्या भागात तो जगातल्या गोष्टींची वाटणी करतो: काही गोष्टींनी काम भागवायचं, ते उती; एका गोष्टीतच, तिच्याचसाठी, प्रेमाने रमायचं, ते फ्रुई. रमायचं ते देवात. बाकी सगळं तिथे पोहोचण्याचं साधन. परदेशातून घरी निघालेला माणूस गाडीत आणि वाटेतल्या देखाव्यांतच गुंगला तर घर विसरतो, असं तो म्हणतो.

पाठांतराची सूत्रं ही गाडीच आहे. काही हुशार मुलांना सूत्रांचाच छंद लागतो. ती नवीन सूत्रं रचतात, एकमेकांना विचारतात, नऊच्या नऊ विशेषणं उलट क्रमाने म्हणून दाखवतात, पण ऑगस्टीनचं एक वाक्य समोर ठेवलं की बिचकतात. प्रार्थनेचंही असंच होतं. माळ मोजणं हेच माळेचं कारण होऊन बसतं. अशा वेळी सूत्र काढून घ्यावं लागतं, आणि ते योग्य वेळी काढून घेणं हे सूत्र देण्याइतकंच शिक्षकाचं काम आहे. नाताळानंतर माझ्या वर्गात पाचांची यादी म्हणायला बंदी असते. तेव्हा आम्ही ऑगस्टीनचा तोच भाग वाचायला घेतो. दोन्ही क्रियापदं त्यात पुन्हा पुन्हा येतात, बहुतेक वेळा ॲब्लेटिव्ह घेऊन, आणि मुलांनी ती वाचता वाचता ओळखायची असतात.

चर्चच्या 1983च्या कायदासंहितेतलं 249वं कलम सांगतं की भावी धर्मगुरूंना लॅटिन चांगलं यायला हवं. प्रत्यक्षात लॅटिनचे तास घटत चालले आहेत. काही सहकाऱ्यांना वाटतं की वेळ कमी, म्हणून सूत्रं वाढवावीत, परीक्षेपुरतं भागेल. मी याच्या विरोधात आहे आणि बैठकीत तसं बोलतोही. वेळ कमी असेल तर सूत्रं कमी करा. नऊ विशेषणं, पाच क्रियापदं, 'दिक, दुक, फाक, फेर' ही आज्ञार्थाची चार रूपं आणि क्रुसाच्या खुणेतल्या तीन षष्ठ्या एवढं पाठ करून घ्या, आणि उरलेले सगळे तास मुलांच्या हातात ऑगस्टीन द्या, मूळ लॅटिनमधला, अडखळत वाचला तरी चालेल.