ऊन आणि ओल

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली माणसे पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद असे टप्पे ओलांडत पहाटेपर्यंत पोहोचतात. वाटेवर जागोजागी चहा, पाणी, फराळ वाटणारे उभे असतात. श्रावणातल्या शनिवारी पुन्हा गर्दी, उरुसात दर्ग्यांभोवती वेगळी गर्दी. तिच्यामागे उरणाऱ्या कप-पिशव्यांवर हल्ली एक उपाय हमखास सुचवला जातो: विघटनशील प्लास्टिक वापरा, ते मातीत जिरते. जिरते हे खरे आहे. पण कोणत्या मातीत, किती उष्णतेत, किती ओलीत, हे विचारल्याशिवाय तो उपाय खुलताबादला लागू पडणार नाही.

याच रस्त्यावर, घाट चढून आल्यावर कागजीपुरा लागतो. तिथे शेकडो वर्षे हाताने कागद बनत आला. कागद म्हणजे सेल्युलोज, जंतूंचे आवडते खाद्य. तरीही कोरड्या कपाटातली दप्तरे दोन-तीन शतके टिकतात आणि तोच कागद पावसाळी मातीत पडला तर काही आठवड्यांत लगदा होतो. कागदाबाबत हे आपण अनुभवाने जाणतो. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र पिशवीवर छापलेल्या हिरव्या पानावर विश्वास ठेवून मोकळे होतो.

मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, घ्या. त्याच्या लांब साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात. तुकडे पुरेसे लहान झाले की मग जंतू ते खातात. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्या ताठ असतात, पाणी सहज आत शिरत नाही आणि सगळे काम रेंगाळते. म्हणूनच कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकची मान्य चाचणी ५८ अंशांच्या आसपास, ओल्या आणि हवा खेळत्या कंपोस्टमध्ये घेतात. तिथे १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे. प्रमाणपत्र खोटे नसते. ते त्या ढिगापुरते असते.

आता खुलताबादचे वर्ष पाहा. एप्रिल-मेमध्ये उघडा मुरूम आणि डांबर चांगलेच तापतात, पण तेव्हा ओलीचा थेंब नसतो. जून ते सप्टेंबर ओल येते, आणि तिच्याबरोबर मातीचा पारा पंचवीस-तीस अंशांवर उतरतो. ऊन असते तेव्हा पाणी नाही, पाणी असते तेव्हा ऊन नाही. पीएलएच्या कपाला दोन्ही एकत्र लागतात, आणि घाटाच्या कडेला, तटाच्या पायथ्याशी किंवा विहिरीत ती गाठ पडत नाही. शेणाचा ताजा उकिरडा आतून तापतो खरा, पण ती ऊब महिनोन्महिने टिकवायला तो ढीग सतत हलवावा, भिजवावा लागतो.

पीबीएटी नावाचे प्लास्टिक आणि स्टार्च मिसळून केलेल्या पिशव्या थोड्या कमी हट्टी असतात. त्या साध्या मातीतही हळूहळू खाल्ल्या जातात. जंतूंनीच आपल्या पेशीत साठवलेले पीएचए तर समुद्रातही मोडते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमुआन यांनी १९२० च्या दशकात ते प्रथम ओळखले. याउलट साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घालून जे ‘आपोआप तुटणारे’ म्हणून विकले गेले, त्याचा उन्हात नुसता चुरा होतो. डोळ्यांना दिसेनासे झाले म्हणून ते संपले असे नव्हे. युरोपीय संघाने २०२१ पासून त्यावर बंदी घातली, आणि ती योग्यच होती.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या पिशव्या हवेत, मातीत आणि समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती, फक्त तिला वजन पेलवत नव्हते. ‘जैवविघटनशील’ म्हणून विकलेली दुसरी पिशवी मात्र मातीत आणि पाण्यात तीन वर्षे राहूनही बाजार भरून आणण्याइतकी धड होती.

प्रमाणपत्र आणि माती यांतले हे अंतर मला २०१८ मुळे अधिक टोचते. त्या फेब्रुवारीत संभाजीनगरच्या नारेगाव कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाड्या गावकऱ्यांनी अडवल्या, शहरात कचऱ्याचे ढीग साचले आणि मार्चमध्ये पर्यायी जागा शोधताना याच यात्रामार्गावरच्या मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार झाला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. कंपोस्टेबल प्लास्टिकला तिच्यात मर्यादित सूट होती. २०२२ च्या अखेरीस कप, ताटल्या, स्ट्रॉ अशा वस्तू कंपोस्टेबल असतील तर त्यांनाही परवानगी मिळाली. वस्तूला परवानगी देताना तिला मोडणारा गरम ढीग कुठे आहे, हे प्रत्येक गावाला विचारायला हवे होते. डेपोच्या पोटात हवा नसते. तिथे पीएलए जवळपास जसाच्या तसा पडून राहतो आणि जे कुजते त्यातून मिथेन निघतो.

यात्रेपुरते बोलायचे तर पळसाच्या पत्रावळीला कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही, आणि पाण्यासाठी धुऊन वापरायचे पेले ठेवणे अशक्य नाही. कंपोस्टेबल कप वापरायचेच असतील, तर ते वेगळे गोळा करून तापत्या खताच्या प्रकल्पापर्यंत नेण्याची गाडी आधी ठरली पाहिजे.

शेतीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे मला या पदार्थांकडून खरी आशा वाटते. मिरचीच्या गादीवाफ्यांवर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर हंगामानंतर पूर्ण निघत नाही. फाटलेल्या पट्ट्या नांगराबरोबर खाली जातात. मातीत मोडणाऱ्या आच्छादनासाठी युरोपात २०१८ पासून वेगळे मानक आहे. त्यात २० ते २८ अंशांच्या मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटनाची अट आहे. ते तापमान आपल्या पावसाळी रानाशी जुळते, पण त्या चाचणीत माती बारा महिने ओली ठेवलेली असते. आपली कोरडवाहू माती आठ महिने सुकलेली. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने अशा आच्छादनाचे तुकडे खुलताबादच्या मुरमाड रानात आणि खालच्या काळ्या मातीत, ठिबकखाली आणि ठिबकाशिवाय, जूनमध्ये पुरावेत, सलग दोन वर्षे दर हंगामाला काढून तोलावेत आणि आकडे शेतकऱ्यापुढे ठेवावेत. अनुदान त्यानंतर ठरवावे.