व्रत आपलं, भार कोणावर?





सत्संगात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अनुग्रह घेतला, नाम चालू आहे, आहार सात्त्विक आहे; मग डॉक्टरांनी लिहून दिलेली बी-१२ ची गोळी घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं होतं का?

आधी वस्तुस्थिती पाहू. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतंही झाड तयार करत नाही. ते सूक्ष्म जीवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मासे, मांस, अंडी आणि दूध-दह्यातून मिळतं. भात, वरण, भाजी, भाकरी यांत ते नसतं. गरज अगदी कणभर, मोठ्या माणसाला दिवसाला २ ते अडीच मायक्रोग्रॅम. पण तीही चहातल्या दुधावर भागत नाही. त्यासाठी रोज साधारण अर्धा लिटर दूध-दही पोटात जायला हवं. आपल्या किती घरांत प्रत्येकाच्या वाट्याला तेवढं येतं?

गोव्याकडच्या आपल्या कित्येक घरांत अनुग्रहानंतर मासळी सुटली. जन्मभराची सवय गुरूंच्या शब्दाखातर सोडली, ही लहान गोष्ट नाही. इंदूर-बडोद्याकडची बरीच घरं तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहेत. मासळी सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. मग हळूहळू हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन दुखते, चालताना तोल जातो, विसरायला होतं. आपण म्हणतो, "वय झालं आता." मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ही कमतरता आणखी वाढू शकते. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येतंच असं नाही.

आता व्रताचा विचार करू. माझ्या ताटासाठी जीव जाऊ नये, म्हणून मासळी सोडली. शरीर झिजावं म्हणून सोडली नव्हती. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं सांगितलं आहे. गोळीतलं बी-१२ कारखान्यात जीवाणूंपासूनच तयार करतात, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. तेव्हा दुकानात विचारून साधी गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल घ्यावी. व्रत मोडत नाही.

काही साधक म्हणतात, "दुखणं हे प्रारब्ध आहे, ते भोगूनच संपवायचं." या म्हणण्यामागची निष्ठा खरी आहे. पण डोळ्याला चष्मा लावताना आपल्याला प्रारब्ध आठवत नाही. दुखणं प्रारब्धात असेल, तर वेळेवर समोर आलेला उपायही त्यातच असणार. तो नाकारायचा आणि वर त्याला भोग म्हणायचं, यात कुठेतरी अहंकार डोकावतो.

आणि भोग फक्त स्वतःचा असता तर गोष्ट वेगळी होती. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी सून असेल तर तिची कमतरता बाळापर्यंत पोचते. अशी बाळं मलूल होतात, मान धरायला उशीर करतात, शिकलेलं विसरतात, काहींचे हातपाय थरथरतात. बाळाने अनुग्रह घेतलेला नाही. त्याने काही सोडलेलं नाही. घराचं व्रत आपण घेतलं, तर त्याची किंमत न बोलणाऱ्या जिवाकडून वसूल करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बऱ्याच घरांत दूध आधी पुरुषांना आणि मुलांना मिळतं, सून शेवटी जेवते. तिथे त्यागाचा भार आपसूकच तिच्यावर पडतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागाचं पुण्य आपल्या नावावर कसं जमा होईल?

मात्र गोळ्यांचीही भक्ती नको. जीवनसत्त्व अ आणि ड अंगात साठतात, जास्त झाले तर त्रास देतात. लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या हाती लागल्या तर जिवावर बेतू शकतं. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांची झीज आत चालूच राहते. म्हणून ग्रुपवर कोणीही डोस फॉरवर्ड करू नये. रक्ततपासणी करावी आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

या गुरुवारी आरती झाल्यावर घरातल्या प्रत्येकाला विचारा, मुंग्या येतात का, दमायला होतं का, दूध कोणाच्या वाट्याला किती येतं. आजीला विचारा, सुनेला आधी विचारा. नाम घ्यायला जीभ लागते आणि जप मोजायला बोटं. ती गुरूंचीच ठेव समजून सांभाळू या.

।। श्री गुरुदेव दत्त ।।