काठाला कोणते कापड?

गोधडी प्रथम कोठे फाटते, हे घरोघरच्या माताभगिनींना विचारावे. मधला भाग पुष्कळ वर्षे टिकतो. आधी विरतो तो काठ. पांघरताना हात काठाला, ओढताना ताण काठाला, धुऊन वाळत घालताना पकडही काठाचीच. असे असूनही चांगला तुकडा आपण मध्यभागी लावतो, कारण तेथे तो नजरेत भरतो, आणि उरलेली चिंधी काठाला गुंडाळतो. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आपल्याजवळचे उत्तम कोठे खर्चावे? जेथे ते दिसते तेथे, की जेथे ताण पडतो तेथे?

टिकाऊ काठाचे नियम जाणत्या हातांना ठाऊक असतात. पट्टी सुती व घट्ट विणीची असावी; पण फार जाडीभरडी नको, कारण ती आतल्या मऊ, जुन्या लुगड्याला काचते. कोरे कापड आधी भिजवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते व गोधडीला चुण्या पडतात. कोऱ्या ठिगळाविषयी प्रभूने जे सांगितले (मार्क 2:21), ते शिवणाऱ्यांच्या अनुभवाचेच होते. पट्टी दुहेरी घडीची असावी आणि शक्य तर तिरपी कापलेली असावी. सरळ पट्टीची घडी एकदोन दोऱ्यांवरच पडते. ते झिजले की सारी कड चिरत जाते. तिरप्या पट्टीत अनेक दोरे घडीला ओलांडून जातात. एक झिजला तर शेजारचा भार घेतो. कापड थोडे अधिक लागते, पण काठ टिकतो.

बेळगावच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासून आरंभ करतात आणि धावदोरा घालीत, फेऱ्यामागून फेरा, मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांना घडी केलेले तुकडे लावतात; त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते.

पवित्र शास्त्रातही काठाची काळजी आहे. मुख्य याजकाचा झगा फाटू नये म्हणून गळ्याभोवती विणलेला काठ असावा, अशी आज्ञा निर्गम 28:32 मध्ये आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरीब व परके यांच्यासाठी ठेवावे, असे लेवीय 19 सांगते. एका काठाने वस्त्र राखले जाते, दुसऱ्याने माणूस.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीचा काठ कोठे आहे? घरी मराठी बोलणारी, पण शाळेत कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी शिकणारी आणि मराठी शास्त्र वाचताना अडखळणारी मुले. मागच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जाणारी विधवा. नोकरीनिमित्त नव्याने आलेले कुटुंब. ताण येथे आहे. आपले उत्तम मात्र नाताळच्या व्यासपीठाकडे जाते, आणि शब्बाथ शाळेतील लहानांचा वर्ग ज्याला त्या दिवशी सवड असेल त्याच्या गळ्यात पडतो. कोठे एखादी निष्ठावंत भगिनी वीस वीस वर्षे एकटी वर्ग चालवते. आपण तिची स्तुती करतो, पण सोबत देत नाही. ही सरळ पट्टी होय. तिची प्रकृती ढासळली, की वर्ग बंद पडतो.

कोणी म्हणेल, मग उपासना व वचन यांचे महत्त्व कमी का? मुळीच नाही. ऊब मध्यातच असते, आणि काठ असतो तो त्या मध्यासाठीच. पण काठ उसवला म्हणजे आतल्या चिंध्या बाहेर येऊ लागतात, आणि मग ऊबही राहत नाही.

म्हणून येत्या वर्षाची कामे वाटताना पाळकांनी व पंचांनी कडेपासून आरंभ करावा. लहानांच्या वर्गाला सर्वांत समर्थ शिक्षक द्यावा, आणि एक नव्हे, दोघे तिघे द्यावेत. मागच्या बाकाकडे कोण जाणार, त्यांची नावे लिहावीत. व्यासपीठाची वाटणी त्यानंतर करावी. प्रभू आपणांस हे करण्याची बुद्धी देवो.