स्मृती क्षीण होते तेव्हा

वृद्ध दांपत्यापैकी एकाची स्मृती क्षीण होऊ लागली म्हणजे घरात एक कठीण प्रश्न उभा राहतो. त्याच्या हातातील मोबाईल काढून घ्यावा काय? पूर्वी घराची सत्ता तिजोरीच्या किल्लीत असे. आज ती चार-सहा आकड्यांच्या पिनमध्ये आली आहे. कोणी पोलीस अधिकारी म्हणून फोनवरून दरडावले, तर भ्यालेला वृद्ध तो पिनही सांगून बसतो. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे त्याला दहा वेळा सांगितले तरी प्रसंगी आठवेलच असे नाही. केवळ उपदेशाने येथे भागत नाही.

म्हणून पुष्कळ घरांतून न सांगताच पिन बदलतात, मोबाईल ‘बिघडला’ म्हणून कपाटात ठेवतात. हेतू शुद्ध असतो. परंतु आपली वस्तू कोणी नेली, असा संशय येणे हे या व्याधीचे परिचित लक्षण आहे. आपण खरोखरच वस्तू लपवू लागलो, तर त्या संशयाला सत्याचा आधार मिळतो आणि जन्माची सोबतीण त्याच्या लेखी चोर ठरते. उलट, सारे त्याच्यावर सोडावे, तर तिच्याही उतारवयाची पुंजी एका फोनसरशी जाते.

यातून वाट कोणती? आपल्या पूजेत यजमान संकल्प सोडतो, तेव्हा पत्नी त्याच्या हाताला हात लावते. यजमान अशक्त असेल तर प्रतिनिधी कर्म करतो, पण संकल्प यजमानाच्याच नावाने होतो. हीच रीत येथे लावावी. बुद्धी स्वच्छ आहे तोवर उभयतांनी एकत्र बसून ठरवावे: मोठी ठेव मोबाईलला न जोडलेल्या खात्यात राहील, जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असतील, बँकेकडून व्यवहाराची दैनिक मर्यादा कमी करून घेतली जाईल, आणि फसगत झाल्यास लज्जा न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळविले जाईल. हे निर्णय लांबणीवर टाकू नयेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची सारासारबुद्धी लोपली की ती मुखत्यारीही संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. म्हणून संयुक्त खाते, वारसाचे नामनिर्देशन इत्यादी गोष्टी आधीच उरकाव्यात.

पुढे संमती देण्याची शक्तीच उरली नाही, तर त्याच संकल्पाच्या आधारे पत्नीने अथवा मुलांनी व्यवहार हाती घ्यावा. मात्र प्रत्येक वेळी त्याला सांगून. तो घटकाभरात विसरेल, हे खरे. पण सत्य सांगण्याचे आपले कर्तव्य ऐकणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे काय? सुज्ञ वाचकांनी याचा विचार करावा, आणि घरात वडीलधारी दोघे असतील तर हे बोलणे उद्यावर ढकलू नये.