अंधार विकत घेता येतो का?

अंधार हा पदार्थ आहे की नुसता प्रकाशाचा अभाव? जुन्या भारतीय तत्त्वज्ञांपैकी वैशेषिकांनी त्याला अभाव ठरवले. भाट्ट मीमांसकांनी मात्र द्रव्य मानले, कारण तो काळा दिसतो आणि हलतो. नव्या फोटो स्टुडिओसाठी दिवे निवडताना हा जुना वाद पुन्हा उभा राहतो. सुरुवातीला एक एलईडी दिवा आणि मोठा सॉफ्टबॉक्स पुरे. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड साधारण पाव उरतो आणि सावलीची कड धारदार होते. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की गालावरची सावली विरते. त्या जागी काळे कापड टांगले की ती गडद होते, जणू कापडातूनच अंधार ओतला. प्रत्यक्षात भिंतीवरून परतणारा उजेड तेवढा कापडाने गिळलेला असतो. म्हणजे वैशेषिकच बरोबर. तरी खरेदीच्या यादीत दोन मीटर काळे कापड लिहावेच लागते.